खोली जवळ हवी, पण किल्ली कामगाराच्या हातात

वाचकाचं पत्र: चाकण एमआयडीसीत माझं प्रेस पार्टचं छोटं युनिट आहे. कायम आणि कंत्राटी मिळून 72 माणसं. मी स्वतः निगडी प्राधिकरणात राहतो. माझी निम्मी माणसं भोसरी, दिघी, आळंदी, काही तर थेट हडपसरहून दुचाकीवर येतात. गेल्या महिन्यात आमचा एक टूल सेटर दुसरी पाळी संपवून रात्री निघाला आणि मोशीच्या अलीकडे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून आदळला. जीव वाचला, पायात रॉड घातलाय. तेव्हापासून मला झोप लागत नाही. बस लावून पाहिली होती. ती कोंडीत अडकते आणि पाळी उशिरा सुरू होते. खराबवाडीत दहा खोल्यांची एक चाळ भाड्याने मिळतेय. खोलीला साडेपाच हजार भाडं, पंधरा हजार डिपॉझिट. कंपनीच्या नावावर सगळी चाळ घेऊन माणसं जवळ आणून ठेवावीत, असं मला वाटतं. भागीदार म्हणतो, ‘आपण पत्रे वाकवायचे, लोकांचे संसार मांडून द्यायचे नाहीत.’ काय करू?

*

नमस्कार,

चाळीचं नंतर बघू. आधी त्या सेटरचं बोलू.

तो ई.एस.आय.मध्ये, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेत आहे का? असेल, तर अपघाताचा अहवाल तुमच्याकडून गेला का? कामावरून घरी जाताना रस्त्यात झालेला अपघातही कामावरचा अपघात धरता येतो, अशी तरतूद ई.एस.आय. कायद्यात 2010 साली कलम 51-ई म्हणून आली. वेळ, जागा आणि नोकरी यांचा एकमेकांशी संबंध दाखवावा लागतो. पाळी संपल्याची नोंद, हजेरीचं कार्ड, घराचा नेहमीचा रस्ता एवढं तुमच्याकडे आहेच. पुष्कळ मालकांना हे ठाऊक नसतं आणि कामगाराला तर नसतंच; ‘गेटच्या बाहेर झालं’ म्हणून सगळे गप्प बसतात. हे पत्र वाचून झालं की आजच तुमच्या सल्लागाराला फोन करा.

आता तुमचा प्रश्न. माणसं कामाजवळ राहायला यावीत ही तुमची इच्छा शंभर टक्के बरोबर आहे. चाळ कंपनीच्या नावावर घ्यायची कल्पना मात्र सोडून द्या. का ते सांगायला मला थोडं मागं जावं लागेल.

मी पिंपरीत एका कारखान्याच्या वसाहतीत वाढलो. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे पारिजातक. वडील पहिल्या पाळीला असले की साडेतीनला भोंगा व्हायचा. भोंगा झाला की आई तव्यावर भाकरी टाकायची आणि ती पानात येईपर्यंत वडील सायकल भिंतीला लावून, हातपाय धुऊन पाटावर बसलेले असायचे. संध्याकाळी ते माझं गणित घ्यायचे. रविवारी वसाहतीच्या मैदानावर व्हॉलीबॉल. आमच्या आळीतल्या सगळ्यांच्या बापांना मुलांसाठी वेळ होता. कामाला जायला सात मिनिटं लागण्याचा हा अर्थ मी लहानपणीच पाहिला. तुमच्या हडपसरच्या माणसाला घरी पोचायला दीड तास लागतो, तेव्हा त्याच्या मुलांच्या वाट्याला काय उरतं, हे मला म्हणूनच लगेच कळतं.

पण त्याच वसाहतीत मी दुसरंही पाहिलं. कारखान्याची घडी विस्कटली, माणसं कमी करायला लागले. आमच्या शेजारच्या काकांना कामावरून काढलं. त्यांचं कोर्टात प्रकरण चालू होतं, निकाल लांब होता, पण क्वार्टर रिकामं करायची नोटीस आधी आली. त्यांची मुलगी बारावीला होती, परीक्षा तीन आठवड्यांवर. त्या घराचं सामान टेम्पोत चढताना तिनं पुस्तकांची पिशवी हातातच धरून ठेवली होती. नोकरी आणि घर दोन्ही एकाच दाराला बांधलेलं असलं की दार बंद झाल्यावर माणूस दोन्हीकडून उघड्यावर येतो. ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून आजही हलत नाही.

तुमच्या चाळीत तेच होईल. तुम्ही कराल असं मी म्हणत नाही. पण उद्या ऑर्डर कमी झाल्या, एखाद्याला थांबवायची वेळ आली, तर त्याच्या खोलीचं तुम्ही काय करणार? बायकापोरं आहेत म्हणून ठेवलंत, तर भागीदार भांडेल. काढलंत, तर तुम्हाला आत्तापेक्षाही झोप लागणार नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी अशा खोल्यांत राहिलेलाच सांगू शकतो. कंपनीच्या खोलीत राहणाऱ्याला ओव्हरटाइमला नाही म्हणता येत नाही. ‘खोलीतच आहेस ना, ये जरा दोन तास,’ असा सुपरवायझरचा फोन येतो. तुम्ही सांगितलेलंही नसतं, तरी येतो. मग प्रवासाचे वाचलेले तीन तास परत तुमच्याच प्रेसवर जातात.

म्हणून मदत करा, पण करार कामगाराच्या नावावर होऊ द्या. घरमालक आणि तो, दोघांत. तुम्ही बाजूला उभे राहायचं.

मदत कशाची, तर डिपॉझिटची. चाकणमधल्या खोलीचं भाडं तुमच्या सेटरला झेपेल, पण पंधरा हजार एकदम काढायचे म्हटल्यावर तो अडतो. शिवाय सामान हलवायचा टेम्पो, पहिल्या महिन्याचं भाडं, दलालाची दलाली. एवढ्यासाठी माणूस वर्षानुवर्षं लांबच्या खोलीत पडून राहतो. तुम्ही डिपॉझिटची रक्कम बिनव्याजी द्या, महिन्याला साडेबाराशे प्रमाणे वर्षभरात फेडून घ्या. लेखी करा, मराठीत करा, एक प्रत त्याच्याजवळ द्या. पगारातून होणारी एकूण कपात निम्म्या पगाराच्या वर जाता कामा नये हा कायद्याचा दंडक आहे, पी.एफ., ई.एस.आय. आणि आधीचे काही हप्ते धरून हिशेब करा.

यात एक मर्यादा घालून घ्या. ही रक्कम फक्त डिपॉझिटपुरती. लग्नाला, बैल घ्यायला, गावच्या घराच्या स्लॅबला याच खात्यातून पैसे द्यायला लागलात की ती उचल होते. ऊसतोडीच्या टोळ्यांचं उचलीपायी काय होतं ते मराठवाड्यातून तुमच्याकडे आलेल्या पोरांना विचारा. त्यातल्या काहींचे आईबाप कोयते घेऊन दर हंगामाला कारखान्यावर जात असतील. फेड झाली नाही म्हणून माणूस नोकरी सोडू शकत नाही, अशी वेळ तुमच्या युनिटमध्ये येऊ देऊ नका. कोणी मध्येच सोडून गेला तर घरमालकाकडून परत येणाऱ्या डिपॉझिटमधून तुमची उरलेली रक्कम वळती होईल, एवढं तिघांच्या सहीनं लिहून ठेवा. तरी एखाद्याचे चारपाच हजार बुडतील. ते सोडून द्या.

करार नोंदवलेलाच हवा. वाडीवरचे खोलीमालक म्हणतील, ‘कशाला, आपली माणसं आहेत.’ महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर अटींच्या बाबतीत भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. हे त्यांना शांतपणे सांगितलं की बहुतेक तयार होतात, कारण त्यात त्यांचंही हित आहे. ऑनलाइन नोंदणी होते. तुमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे, एखादी हुशार मुलगी असेलच. महिन्याला चार करार ती करून देईल. नोंदवलेल्या कराराचा कागद हातात आला की गॅसच्या कनेक्शनला, मुलाच्या शाळेच्या दाखल्याला, बँकेच्या पत्त्याला तोच चालतो. चाकणला चार-चार वर्षं राहूनही ‘पत्त्याचा पुरावा नाही’ म्हणून माणसं गावचाच पत्ता लावतात. मग गावाशी बांधलेली राहतात आणि इथं कधीच रुजत नाहीत.

खोल्या बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. तेव्हा सगळंच बरं दिसतं. कामाच्या दिवशी सकाळी सहाला जा. दहा खोल्यांना संडास किती आणि रांगेत माणसं किती, ते मोजा. पाणी बोअरचं की टँकरचं, एप्रिल-मे महिन्यात काय होतं ते मालकाला नाही, शेजारच्या बाईला विचारा. विजेचा सबमीटर आहे का आणि मालक युनिटला किती लावतो, हे विचारा. भाडं कमी सांगून विजेत काढणारे आहेत. पत्र्याच्या खोल्या असतील तर रात्रपाळीच्या माणसाला त्यात दिवसा झोप लागणार नाही. ती खोली स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. मला विचाराल तर दहाच्या दहा खोल्या एकाच चाळीत नकोतच. चार खराबवाडीत, तीन मेदनकरवाडीत, तीन नाणेकरवाडीत अशा पसरू द्या. सगळा कारखाना एका चाळीत राहायला लागला की सुपरवायझरशी झालेली वादावादी नळावरही चालू राहते.

आणि एकटी पोरं असतील तर खोलीइतकाच डबा महत्त्वाचा. मुंबईच्या गिरणगावात गावाकडून आलेल्या एकट्या कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी जगवलं. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवायला. चाकणमध्येही घरगुती डबा देणाऱ्या बायका आहेत, फक्त पोरांना सापडत नाहीत. मग वडापाव आणि चायनीजच्या गाडीवर महिना निघतो. दोन-तीन चांगल्या घरांचे नंबर नोटीस बोर्डावर लावा. याला पैसा लागत नाही.

आता कोण येईल आणि कोण येणार नाही. इथं पुष्कळ मालक चुकतात. एक वही करा. नाव, राहतो कुठं, घर स्वतःचं की भाड्याचं, घरात आणखी कोण कमावतं आणि कुठं, मुलं कितवीत. ही माहिती कॅन्टीनमध्ये चहा पिताना, सहज विचारून घ्या. सुपरवायझरला घ्यायला लावलीत तर माणसं घाबरतील. मग पुणे जिल्ह्याच्या नकाशावर प्रत्येकाच्या घरी एक ठिपका द्या. तुम्हाला दिसेल की 72 जणांपैकी ज्यांना हलता येईल असे फार नाहीत. दिघीत ज्याचं स्वतःचं घर आहे, आईवडील आहेत, तो येणार नाही आणि त्यानं येऊही नये. ज्याची बायको हडपसरला एखाद्या गारमेंटमध्ये आहे, तो चाकणला आला तर तिचा प्रवास लांबेल. कोंडीतला एक माणूस कमी करून दुसरा वाढवला, एवढंच होईल. अशा घराला मधली जागा बघायला मदत करा, नाही तर त्याला पहिल्या पाळीवरच ठेवा म्हणजे तो निदान रात्री रस्त्यावर नसेल.

हलतील ते एकटे, भाड्यानं राहणारे, नुकतेच लागलेले. आणि ज्यांची मुलं अजून शाळेत जायची आहेत ते. शाळेत जाणारी मुलं असतील तर मे अखेरच्या आधी हलवायचं नावही काढू नका. पहिल्या वर्षात दहा-बारा घरं हलली तरी मी तुम्हाला शाबासकी देईन. पण खरा बदल नव्या भरतीत होईल. मुलाखतीत ‘राहणार कुठं?’ हा प्रश्न विचारा. त्यावरून नोकरी नाकारायला नको. पहिल्याच आठवड्यात डिपॉझिटची मदत पुढे करायला हवी. माणूस एकदा लांब स्थिरावला की त्याला उपटणं अवघड. आल्या आल्या जवळ रुजला तर सगळं सोपं.

भागीदाराकडे येतो. ते वाईट माणूस नाहीत, त्यांना खर्चाची भीती आहे. त्यांच्यासमोर हडपसरच्या माणसाचा हिशेब मांडा. एका बाजूला 35 किलोमीटर धरा. महिन्याचे 26 दिवस, जाऊन-येऊन 1820 किलोमीटर. गाडी लिटरला 45 देत असेल तर 40 लिटर पेट्रोल. लिटरला 104 रुपये धरले तर चार हजारांच्या वर गेले. खोलीच्या भाड्याच्या तीन-चतुर्थांश पैसे तो दर महिन्याला रस्त्यावर जाळतो. दिवसाचे तीन तास म्हणजे महिन्याचे 78 तास. आठ तासांची पाळी धरली तर जवळजवळ दहा पाळ्या तो बिनपगारी हँडल धरून करतो आणि मग तुमच्या प्रेससमोर उभा राहतो. त्याचा हात प्रेसमध्ये असताना त्याचं डोकं कुठं असेल, हे भागीदारांनाच विचारा. पत्रे वाकवायला माणूस लागतो. तो कुठून आणि कसा येतो हे त्याच धंद्यात मोडतं.

त्यांना हेही सांगा की महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर नांगराचा कारखाना काढला, तेव्हा यंत्रांबरोबर माणसांची घरंही बांधली; तीच किर्लोस्करवाडी. राहुल बजाज मुंबई सोडून आकुर्डीच्या कारखान्याच्या वसाहतीत राहायला आले आणि तिथंच त्यांनी संसार केला. आणि ज्या प्राधिकरणात तुम्ही राहता, ते पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण 14 मार्च 1972 ला स्थापन झालं तेच मुळी या औद्योगिक पट्ट्यातल्या कामगाराला परवडणारं घर मिळावं म्हणून. आज तिथल्या किमती कामगाराच्या हातात राहिलेल्या नाहीत, आणि 2021 साली ते प्राधिकरणही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन झालं. चाकणला कारखान्यांचे भूखंड टप्प्याटप्प्यानं पडत गेले, पण तितक्याच आस्थेनं कामगारांची घरं कुणी आखली नाहीत. ती अडचण गावकऱ्यांनी शेताच्या बांधावर खोल्या काढून सोडवली. त्यांना नावं ठेवू नका. त्यांनी निदान छप्पर दिलं.

आणखी एक कायदा भागीदारांना दाखवा: महाराष्ट्र कामगार किमान घरभाडे भत्ता अधिनियम, 1983. 50 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला तो लागू होतो आणि वेतनाच्या 5 टक्के किंवा महिना 20 रुपये, यांतलं जास्त असेल ते घरभाड्यापोटी द्यावं लागतं. 20 रुपये हा आकडाच सांगतो की किती काळ याकडे कुणी बघितलेलं नाही. तुमची माणसं 72 आहेत. तुमच्या पगारपत्रकात हा भत्ता वेगळा दिसतो का ते तपासा. दिसत नसेल तर डिपॉझिटच्या योजनेआधी ते दुरुस्त करा. संसार मांडून द्यायचा नाही, हे भागीदारांचं म्हणणं कायद्यालाही पूर्ण मान्य नाही.

चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी यानं सुटेल का? पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर असे दोन राष्ट्रीय महामार्ग तिथं एकमेकांना छेदतात. कंटेनर, शाळेच्या व्हॅन, कांद्याचे ट्रॅक्टर आणि तुमच्या पाळीचे मोटारसायकलवाले सगळे एकाच सिग्नलला. तुमची बारा माणसं कमी झाल्यानं फरक दिसणार नाही. पण तुमच्या रांगेत युनिटं किती आहेत? शेजारच्या वीस मालकांनी प्रत्येकी बारा-पंधरा माणसं चालत किंवा सायकलवर येतील अशी केली, तर पाळी सुटायच्या वेळी तो चौक अडीचशे-तीनशे गाड्यांनी हलका होईल. आणि रस्ता कितीही रुंद केला तरी तिथं उभं राहून हॉर्न वाजवणाऱ्यांत ते अडीचशे-तीनशे नसतील. उड्डाणपूल व्हायचे तेव्हा होवोत. माणसाचं घर हलवायला निविदा काढावी लागत नाही. उद्योजकांच्या पुढच्या बैठकीला ठिपक्यांचा तो नकाशा घेऊन जा. भाषण करू नका, नकाशा टेबलावर पसरा. दोन-तीन जण तरी आपापला करायला मागतील. चार युनिटं एकत्र आली की मोशी-भोसरीकडून एक मिनीबस परवडेल, आणि जे हलू शकत नाहीत त्यांच्यासाठी ती हवीच. तुमची आधीची बस अडकली कारण ती सगळ्यांबरोबर त्याच वेळी निघत होती. चार युनिटांनी पाळी अर्ध्या तासानं मागेपुढे केली तर ती अडकणार नाही.

महिला कामगार असतील तर त्यांच्या खोल्या वेगळ्या बघा, युनिटमधल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला बरोबर घेऊन. रस्त्याला दिवे आहेत का, रात्री किराणा किती वाजेपर्यंत उघडा असतो, या गोष्टी पुरुषाच्या लक्षात येत नाहीत.

तुमचा सेटर अजून अंथरुणावरच असेल. त्याच्या घरी जाऊन आलात का? नसाल तर या रविवारी जा, फळं वगैरे राहू देत, ई.एस.आय.चे कागद घेऊन जा. तो बरा झाल्यावर महिनाभर तरी बसून करायचं काम आणि पहिली पाळी देऊ असं त्याला सांगा. आणि चाकणला राहायला येण्याचा विषय निघाला तर त्याच्याआधी त्याच्या बायकोला विचारा. ती कुठं कामाला जाते, पोरं कुठल्या शाळेत आहेत, आई जवळ राहते का. ती ‘नको’ म्हणाली तर ‘बरं’ म्हणा आणि त्याच्या येण्याजाण्याचा विचार तिच्याचबरोबर बसून करा.